घरी येणारे डॉक्टर

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण, स्मरणिकेसाठी थोडे संपादित करून)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, परदेशात राहतेस, एआयवर बोल. वीस मिनिटं." मी हो म्हटलं. मग एका रात्री सहज आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मागे मागे सरकवत गेले. दहा वर्षांपूर्वी तिथे मुलांचे वाढदिवस आणि नव्या गाड्यांसमोरचे फोटो होते. गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त वेळा दिसले ते दोन शब्द : भावपूर्ण श्रद्धांजली. कुणाचे वडील, कुणाची आई, कुणाच्या सासूबाई. त्या आधीचे निरोपही तसेच. "पुण्यात चांगलं आयसीयू कुठलं?" "व्हेंटिलेटर लावू का विचारतायत, काय सांगू?" हे प्रश्न आपण रात्री दोन वाजता एकमेकांना विचारतो आहोत.

म्हणून मी विषय बदलला. मी फॅमिली डॉक्टरांबद्दल बोलणार आहे, आणि मरणाबद्दल. आनंदाच्या दिवशी हा विषय काढला म्हणून मराठीच्या बाई रागावतील. पण दिलेला विषय सोडून निबंध लिहायची माझी सवय त्यांना नवीन नाही.

मी सतरा वर्षं नेदरलँड्समध्ये राहते, आइंडहोवनजवळच्या एका गावात. तिथे प्रत्येकाला एका फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवावं लागतं. त्यांना 'हाउसआर्ट्स' म्हणतात, म्हणजे शब्दशः घराचे डॉक्टर. त्यांच्या चिठ्ठीशिवाय स्पेशालिस्टकडे जाता येत नाही. आपली मंडळी तिथे गेली की पहिली दोन वर्षं या डॉक्टरांना नावं ठेवतात. ताप आला, पॅरासिटामॉल. पाठ धरली, पॅरासिटामॉल. इंजेक्शन नाही, सलाइन नाही, दहा मिनिटं झाली की उठायचं. मीही ठेवली. मग शेजारच्या आजी आजारी पडल्या आणि या डॉक्टरांचं दुसरं काम मी पाहिलं.

आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. बागेत काम करणाऱ्या, माझ्या मुलीला डच बोलायला शिकवणाऱ्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. त्यांनी केमो घेतली नाही. आमचे डॉक्टर त्यांच्याकडे आधी पंधरवड्याने, मग आठवड्याने येऊ लागले. सायकलवरून यायचे, भिंतीला सायकल टेकवायचे, अर्धा तास बसायचे. दहा मिनिटांत मला बाहेर काढणारे हेच ते डॉक्टर! एका सकाळी आजींनी मला कॉफीला बोलावलं आणि हवापाण्यावर बोलावं तशा सुरात म्हणाल्या, "मी गुरुवार ठरवला आहे. दुपारी दोन. डॉक्टर येणार आहेत. तू बुधवारी संध्याकाळी ये, तुझी भाजी आण."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कप हातात धरवेना.

बुधवारी मी बटाट्याची भाजी घेऊन गेले. त्यांनी दोन घास खाल्ले. मुलगे, नातवंडं होती. हसणं होतं, रडणंही होतं. गुरुवारी दुपारी मी खिडकीत उभी होते. डॉक्टर त्या दिवशी सायकलवर आले नाहीत, गाडीने आले. हातात औषधांची पेटी होती. दारात पोचायच्या आधी ते गाडीतच बराच वेळ बसून राहिले. त्यांचं ते गाडीत बसणं माझ्या डोक्यातून आजही जात नाही. आजींच्या धैर्याबद्दल सगळे बोलतात. त्या माणसाला गाडीचं दार उघडायला काय लागलं असेल, याबद्दल कुणी बोलत नाही.

आता थोडी माहिती सांगते, कारण आपल्याकडे या विषयावर ऐकीव गोष्टीच फार आहेत. स्वेच्छामरणाचा कायदा करणारा नेदरलँड्स हा पहिला देश. कायदा २००१ मध्ये संमत झाला, १ एप्रिल २००२ पासून लागू झाला. पण त्या कायद्यापर्यंतचा रस्ता घातला तो फॅमिली डॉक्टरांनीच. १९७१ मध्ये फ्रीसलँडमधल्या एका खेड्यातल्या डॉक्टर त्रूस पोस्टमा यांनी आपल्या अर्धांगवायू झालेल्या आईला, तिने पुन्हा पुन्हा विनवल्यावर, मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. १९७३ मध्ये लेवार्डनच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं आणि शिक्षा दिली एक आठवड्याची, तीही स्थगित. पुढे डॉक्टर स्कोनहाइम यांच्या खटल्यात, १९८४ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की रुग्णाचा जीव राखण्याचं कर्तव्य आणि त्याचं असह्य दुःख दूर करण्याचं कर्तव्य यांत डॉक्टर खरोखर कोंडीत सापडू शकतो. तेही फॅमिली डॉक्टरच होते.

आजही तिथे दुसऱ्याच्या विनंतीवरून त्याचा जीव घेणं हा गुन्हाच आहे, बारा वर्षांपर्यंत शिक्षेचा. डॉक्टरला सूट मिळते ती अटी पाळल्या तरच. विनंती रुग्णाची स्वतःची आणि पूर्ण विचाराची हवी. दुःख असह्य हवं आणि सुधारण्याची आशा नको. रुग्णाला आजाराची आणि पुढच्या शक्यतांची सगळी कल्पना दिलेली हवी. दुसरा वाजवी मार्ग उरलेला नको. संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरने येऊन रुग्णाला भेटलेलं हवं. आणि शेवटचं काम वैद्यकीय काळजीने झालेलं हवं. नंतर डॉक्टरने स्वतः कळवायचं की हा मृत्यू नैसर्गिक नाही. पालिकेचा वैद्यकीय अधिकारी येतो, कागद समितीकडे जातात. समितीत एक कायदेतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि एक नीतिशास्त्राचा अभ्यासक असतो.

२००३ मध्ये अशा १,८१५ नोंदी झाल्या होत्या. २०२३ मध्ये ९,०६८ झाल्या, म्हणजे त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी ५ टक्क्यांहून थोड्या जास्त. त्यातल्या पाचांपैकी साधारण चार फॅमिली डॉक्टरांच्या हातून, बहुतेक रुग्णाच्या घरीच. दवाखान्याच्या अनोळखी खोलीत अनोळखी माणसाने करायचं हे काम नाही, असंच तिथे मानतात. ज्याने तुमच्या मुलाचा गोवर पाहिला, त्यानेच यावं.

आता माझ्या कामाचा संबंध येतो. माझी टीम फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. अपॉइंटमेंट, औषधांच्या चिठ्ठ्या, रुग्णाचा इतिहास. वर्षातून काही वेळा आम्ही डॉक्टरांना बोलावतो आणि विचारतो, काय अडतं? एकदा मी मोठ्या उत्साहाने एक नवी सोय दाखवली. स्वेच्छामरणानंतर समितीला जो अहवाल द्यावा लागतो, त्याचे बरेचसे रकाने आमची प्रणाली आपोआप भरेल. निदान, औषधं, भेटींच्या तारखा, सगळं आत असतंच. एक बटण दाबलं की अहवाल तयार. मला वाटलं, टाळ्या पडतील.

खोलीत शांतता झाली. मग निवृत्तीला आलेल्या एक डॉक्टरबाई म्हणाल्या, "तारखा भरा. बाकी रिकामं ठेवा. ते मला लिहायला एक संध्याकाळ लागते आणि ती संध्याकाळ मला लागतेच."

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. कुठल्याही रुग्णाचं नाव न घेता त्या बोलत राहिल्या. म्हणाल्या, "लोकांना वाटतं की कायदा झाला म्हणजे आम्हाला सोपं झालं. पोलिसांची भीती गेली एवढंच. त्या दिवशी मी दुसरे पेशंट ठेवत नाही. आदल्या रात्री झोप नसते. आणि माझ्याकडे मागणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या बाबतीत ती वेळच येत नाही. त्यांना फक्त एवढं हवं असतं की दार आहे. दार आहे हे कळलं की ते शांत होतात, दुखणं नीट आटोक्यात आणलं की आपल्या वेळेनं जातात."

मी विचारलं, "कधी नाही म्हणालात?" त्या म्हणाल्या, "हो. एका गृहस्थांच्या मुलांना घाई होती. सुट्टीची तिकिटं काढली होती. मी म्हटलं, मला तुमच्या वडिलांशी एकट्याशी बोलायचंय. एकटे असताना ते म्हणाले, मला अजून राहायचंय, पण मुलांचे हाल होतात. मी मुलांना सांगितलं, तिकिटं बदला."

दुसरे एक तरुण डॉक्टर होते. ते हे करतच नाहीत, त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. कायद्याने तसं बंधनही नाही. तिथे रुग्णाला मागण्याचा हक्क आहे, मिळण्याचा नाही, आणि कुठल्याही डॉक्टरवर सक्ती नाही. पण ते म्हणाले, "मी हे पहिल्या भेटीतच सांगतो. शेवटच्या आठवड्यात सांगणं म्हणजे फसवणूक." ज्यांचे डॉक्टर तयार नसतात त्यांच्यासाठी हेगमध्ये २०१२ पासून वेगळं केंद्र आहे.

सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं : स्मृतिभ्रंश सगळ्यात अवघड. माणसाने दहा वर्षांपूर्वी कागदावर लिहून ठेवलं की मी मुलांना ओळखेनासा झालो तर मला जाऊ द्या. आता तो ओळखत नाही, पण खिडकीतल्या उन्हात खुशीत बसलेला आहे. कुणाचं ऐकायचं? कागदावरच्या माणसाचं की खुर्चीतल्या? २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटी पाळून अशा जुन्या लेखी विनंतीवर डॉक्टर जाऊ शकतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "न्यायालयाने परवानगी दिली. माझ्या हाताने अजून दिलेली नाही."

आमची ती सोय आम्ही रद्द केली. प्रणालीत तारखा तेवढ्या भरल्या जातात.

मित्रांनो, हे सगळं मला परक्या देशाचं कुतूहल म्हणून सांगता आलं असतं. पण त्याच सुमारास अण्णा गेले. माझे वडील. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांना वीज मंडळाच्या ऑफिसात पाहिलं असेल, किंवा संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरताना.

अण्णांना फुप्फुसांचा फायब्रोसिस होता. शेवटच्या महिन्यात घरात ऑक्सिजन लागला होता. आपल्या पेठेतल्या डॉक्टरांनी मला फोन केला. तुम्हा सर्वांना त्यांनी कधी ना कधी सुई टोचली आहे, नाव सांगायची गरज नाही. म्हणाले, "बाळ, आता यांना घरीच ठेवूया. मी रोज येऊन जाईन. दम कमी वाटेल असं औषध देतो." मी काय म्हणाले? मी म्हणाले, "काका, पुण्याला हलवा. खर्चाचा विचार करू नका. सगळं करा."

सगळं केलं. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात अण्णा एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. मी चौथ्या दिवशी पोचले. हात बांधलेले होते, कारण ते नळी ओढायचा प्रयत्न करत होते. आईला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडत. एकोणिसाव्या दिवशी पहाटे गेले. तेव्हा जवळ आमच्यातलं कुणी नव्हतं.

तेराव्याला डॉक्टर घरी आले. जेवण झाल्यावर ओसरीत बसले आणि म्हणाले, "अण्णा मला दोनदा म्हणाले होते. नळी नको, आयसीयू नको, या खाटेवरच जाऊ द्या." मी विचारलं, "मग तुम्ही मला सांगितलं का नाही?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू इतक्या लांबून बोलत होतीस. 'सगळं करा' म्हणालीस. लेकीला नाही कसं म्हणू? आणि उद्या तूच म्हणाली असतीस, पैसे असताना डॉक्टरांनी बापाला घरात मरू दिलं. माझ्याकडे काही लेखी नव्हतं."

त्यांच्यावर माझा राग नाही. चूक माझी होती. दार उघडण्याआधी गाडीत बसून राहणारे डॉक्टर मी पाहिले होते, त्यांच्या अहवालाचे रकाने मी आखत होते, आणि स्वतःच्या वडिलांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला काय हवंय.

आपल्या देशात काय चालतं, तेही सांगते. १९७३ मध्ये, म्हणजे पोस्टमाबाईंचा निकाल लागला त्याच वर्षी, मुंबईत केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. पुढची ४१ वर्षं त्या तिथेच अंथरुणावर होत्या. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अन्न थांबवायला नकार दिला. केईएमच्या परिचारिकांना त्यांना सांभाळायचंच होतं, आणि २०१५ पर्यंत त्यांनी सांभाळलं. पण त्याच निकालात न्यायालयाने काही परिस्थितीत कृत्रिम उपचार थांबवण्याची वाट उघडली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करायची, आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं लिहायची. आणि एक प्रत, ऐका, आपल्या फॅमिली डॉक्टरांना द्यायची. न्यायालयाच्या नियमातच त्यांचा उल्लेख आहे.

गल्लत नको. भारतात इंजेक्शन देऊन मरण आणणं गुन्हा आहे. इथे मान्यता आहे ती बरं होण्याची आशा नसताना शरीर नुसतं ओढत ठेवणारे उपचार न लावण्याला किंवा काढण्याला, तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासल्यावर.

मग आपल्याकडे डच कायदा यावा का? मला हे बऱ्याच जणांनी विचारलं आहे. आज तरी मी हो म्हणणार नाही. तिथे प्रत्येकाचा विमा आहे, घरी नर्स येते, मॉर्फिन मिळतं. त्यामुळे माणूस 'पुरे' म्हणतो तेव्हा ते बहुधा आजाराबद्दल असतं. आपल्याकडे म्हातारं माणूस 'आता उचल रे देवा' म्हणतं, तेव्हा त्यात दुखणं किती, बिल किती आणि सुनेचा चेहरा किती, हे वेगळं काढता येईल का? ते तिकिटवाले मुलगे आठवा. त्यांच्या वडिलांशी एकटं बोलणारी एक डॉक्टर तिथे होती. आपल्याकडे ती आधी हवी. वेदना कमी करणारी औषधं, घरी येणारे डॉक्टर आणि खरं बोलायची सवय आधी यायला हवी.

पण इच्छापत्राला थांबायचं कारण नाही. गेल्या दिवाळीत मी आईला घेऊन बसले. आधी ती रागावली, "सणाचं काय हे?" मग स्वतःच सांगू लागली आणि मी लिहून घेऊ लागले. नळी नको. छातीवर दाबादाबी नको. दुखायचं थांबवा. घरी ठेवा. आणि शेवटी म्हणाली, "चहा बंद करू नका, हेही लिही." लिहिलं. नोटरींनी आधी विचारलं, "शेत कुणाच्या नावावर करायचंय?" त्यांना सगळं समजावेपर्यंत अर्धा तास गेला. माझाही कागद मी आईच्या बरोबरच केला, माझ्या नवऱ्याचं आणि मुलीचं नाव घालून. मुलगी अठरा वर्षांची आहे, तिने दोनदा वाचून दाखवायला लावलं.

आईच्या कागदाची प्रत घेऊन मी पेठेत गेले. डॉक्टरांनी चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली, आणि ज्या खणात ते आपल्या सगळ्यांची जुनी कार्डं ठेवतात त्या खणात ठेवली. म्हणाले, "आता तू तिकडून काहीही म्हण. मला धीर आहे."

आपल्या तुकडीतले तिघं डॉक्टर झाले. त्यातले दोघं आज आले आहेत आणि दोघंही इथेच फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतात. माझ्या विनंतीवरून ते जेवणानंतर तीन वाजता 'ब' तुकडीच्या वर्गात बसणार आहेत. इच्छापत्राच्या मसुद्याच्या चाळीस प्रती मी आणल्या आहेत. सही आज करू नका. घरी न्या, आई-वडील असतील तर त्यांच्याशी बोला, नवऱ्याशी, बायकोशी, मुलांशी बोला. आणि आपल्या त्या दोघा मित्रांना एक प्रश्न जरूर विचारा : 'सगळं करा' असं लांबून फोनवर सांगणाऱ्या माझ्यासारख्या मुलामुलींना काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला आम्ही सांगून ठेवलं, तर तुम्हाला सोपं जाईल का?

सर, बाई, विषय सोडून बोलले. तुम्ही तेव्हाही ऐकून घेत होतात, आजही घेतलंत.